पार्टी, परमिट आणि तीस मिलीग्रॅम

सबमिशन संपलं की जर्नलवरच्या सह्या वाळायच्या आत ‘आज कुठे?’ हा प्रश्न निघतो. पूर्वी याचं उत्तर एफ. सी. रोड किंवा कॅम्प असायचं. आता नगर रोडवरच्या आम्हा पोरांना तेवढं लांब जायची गरज उरलेली नाही, कारण खराडी आहे! ज्या गावात एके काळी मुळा-मुठेच्या काठाने शेतं होती, तिथे इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर उभं राहिलं. त्यात काम करायला देशभरातून माणसं आली आणि त्यांच्यामागून त्यांची जेवणंही आली. त्यामुळे एकाच रस्त्यावर आंध्रा मेस, पंजाबी ढाबा, मटण-भाकरीची खानावळ आणि काचेच्या भिंतींचं रेस्टो-बार असं सगळं सुखाने नांदतं.

तर मंडळी, निमित्त होतं आमच्या सिनियरच्या प्रमोशनचं. सिनियर म्हणजे वय वर्षं सव्वीस, इऑनमध्ये नोकरी. सोबत अस्मादिक (मेक), एक सिव्हिलवाला आणि एक कॉम्पवाली. तिघंही बी. ई. ला, तिघांनीही एकविशी ओलांडलेली. वय मुद्दाम सांगतोय. महाराष्ट्रात बीअर आणि वाईनसाठी २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे टेबलावर कायद्याने पेग मागवू शकणारा माणूस एकच होता, आणि बिलही तोच भरणार होता. योग्यच आहे!

बोर्डावर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ते आपण हजारदा वाचतो, पण परमिट कसलं? कॉम्पवालीने विचारलं तेव्हा कुणालाच धड सांगता येईना, म्हणून नंतर शोधलं. आपल्या राज्यात आजही १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. आधी त्याचं नाव ‘मुंबई दारूबंदी कायदा’ होतं, आता ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ आहे. कागदोपत्री दारूला बंदी, आणि ज्याच्याकडे परवाना त्याला सूट, अशी ही गंमत. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि आजन्म १००० रुपयांना मिळतो. बारमध्ये बसून पिण्याची खोली ती परमिट रूम. खिशात परवाना असलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

सिनियरचा हट्ट होता की आधी जेवायचं, मग बसायचं. आम्हाला वाटलं, याला स्वस्तात कटवायचंय. पण त्यामागे चक्क विज्ञान निघालं. अल्कोहोल जठरात थोडंच शोषलं जातं, बहुतेक सगळं लहान आतड्यात. पोटात भाकरी आणि रस्सा असेल तर जठराचं खालचं दार उशिरा उघडतं आणि माल हळूहळू पुढे सरकतो. रिकाम्या पोटी तोच माल धाडकन रक्तात. म्हणून आधी खानावळ. ज्वारीची भाकरी, मटण, इंद्रायणी भात आणि वर सोलकढी. सिव्हिलवाला गाडी चालवणार होता, त्याने रात्रभर सोलकढीच धरून ठेवली. चार वाट्या! (त्याचं बिल आमच्यापेक्षा फार कमी आलं नाही, ही वेगळी गोष्ट.)

दुसऱ्या ठिकाणी मेन्यूवर ताज्या बीअरचे प्रकार बघून पुण्याचा अभिमान वाटला. आपल्याकडे हे लोण आणणाऱ्यांत ‘डूलाली’ ही पुण्यात २००९ साली सुरू झालेली मायक्रोब्रुअरी. नाव विलायती वाटतं ना? मूळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं! तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघता बघता गोऱ्या सोल्जरांचं डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे वेडा झालेला. सबमिशनच्या आठवड्यात आमचं सगळं होस्टेल देवळालीच असतं.

असो. ताजी बीअर खिशाला झेपेना, म्हणून कॉम्पवाली आणि मी मिळून एक साडेसहाशे मिलीची स्ट्राँग घेतली. आता मुख्य गणित, वही काढा.

स्ट्राँग बीअरमध्ये अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असतं. ६५० चे ८ टक्के म्हणजे ५२ मिली. अल्कोहोलची घनता ०.७८९, म्हणजे वजन ४१ ग्रॅम. व्हिस्कीचा तीस मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा, त्यात साधारण १० ग्रॅम. थोडक्यात, ‘बीअरच तर आहे’ म्हणून उडवलेली एक बाटली म्हणजे चार छोटे पेग! हे ऐकून सिनियरने स्वतःच्या दोन पेगांकडे मोठ्या समाधानाने पाहिलं.

पुढचं सूत्र स्वीडनच्या एरिक विडमार्कचं, गेल्या शतकातलं. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, चरबीत जवळपास नाही. म्हणून वजनाला एका गुणकाने गुणायचं. पुरुषाचा सरासरी ०.६८, बाईचा ०.५५. मी ६५ किलोचा, म्हणजे हिशोबाचे ४४ किलो. ती ५५ किलोची, हिशोबाचे ३० किलो. दोघांच्या वाट्याला साडेवीस ग्रॅम. भागाकार केला की माझ्या रक्तात दर १०० मिलीला ४६ मिलीग्रॅम, तिच्या ६८! बाटली एक, वाटणी निम्मी-निम्मी, आणि तरी तिचा आकडा दीडपट. ‘तिला लगेच चढते’ म्हणून हसणाऱ्या पोरांनी हा भागाकार एकदा करून बघावा. आकडे ढोबळ आहेत, भरल्या पोटी प्रत्यक्षात कमी भरतात, पण अंदाज येतो.

आता मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. म्हणजे अर्धी बाटली पिऊन आम्ही दोघंही, अगदी सरळ रेषेत चालत असूनही, गाडी चालवायला नालायक. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

यावर होस्टेलमध्ये उपाय भरपूर. पान खा, वेलदोडा चघळ, कांदा खा, ताक पी. त्या सगळ्याने जातो तो तोंडाचा वास. पोलिसांचं यंत्र वास घेत नाही, अल्कोहोल मोजतं. फुप्फुसात रक्तातलं अल्कोहोल आणि हवेतलं अल्कोहोल यांचा समतोल असतो. साधारण २१०० मिली श्वासात जेवढं, तेवढं एक मिली रक्तात. खोलवरून आलेली फुंकर म्हणजे रक्ताचा नमुनाच. आंघोळ आणि कडक कॉफी यांचाही उपयोग नाही. यकृत आपल्या सरकारी गतीने, तासाला साधारण १५ मिलीग्रॅम, खाली आणतं आणि ते कुणाचंच ऐकत नाही.

हे तासाचं गणित किती गंभीर आहे ते आपल्या शेजारीच दिसलं. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनीअरना उडवलं. दोघंही गेले. चालवणारा सतरा वर्षांचा, आणि अपघाताआधी तो मित्रांबरोबर पार्टीला बसला होता. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेला जामीन सगळ्या देशाने वाचला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. नमुना घ्यायला जितका उशीर, तितका तासाला पंधराने आकडा आपोआप घसरतो, म्हणून तपासात त्या काही तासांना एवढं महत्त्व. खराडीहून कल्याणीनगर काही मिनिटांवर. ते दोघं आपल्यासारखेच मित्रांबरोबर जेवून परतत होते. हे बोलणं निघालं तेव्हा आमच्या टेबलावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग बिल आलं. जेवणावर ५ टक्के जीएसटी, तो ठीक. दारूवर जीएसटी लागत नाही, पिण्याची दारू घटनेनेच त्यातून बाहेर ठेवली आहे. तिच्यावर राज्याचा व्हॅट. बिलात दोन वेगळ्या ओळी दिसायला हव्यात, बीअरवर जीएसटी दिसला तर विचारा. आमच्या बिलात तिसरी ओळ होती, ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’. ती ऐच्छिक असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. कॉम्पवालीने मॅनेजरला शांतपणे एवढंच सांगितलं, “काका, हा काढून द्या ना.” काका आधी ‘सिस्टीममधून येतो’ म्हणाले. तिने ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मोबाईलवर दाखवला, सिस्टीम लगेच दुरुस्त झाली. वाचलेले पैसे आम्ही वाढणाऱ्या पोराच्या हातात दिले.

परतीचं म्हणाल तर मेट्रो मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत धावते, पण आपल्या बसण्याच्या वेळेआधीच ती झोपलेली असते. रिक्षावाले रात्री वाघोलीचं नाव काढलं की मान हलवतात. म्हणून चौघांत एक सोलकढीवाला हवाच, नाहीतर कॅबचे पैसे आधी बाजूला काढून ठेवायचे.

एक शेवटचं गणित, सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला गाडीवरून येणाऱ्यांसाठी. ६५ किलोच्या पोराने रात्री दहाला सुरुवात करून दोन स्ट्राँग बाटल्या एकट्याने संपवल्या, तर ८२ ग्रॅम, म्हणजे १८६. दहा तासांत उतरले १५०. सकाळी आठला, झोप काढून, दात घासून, पोहे खाऊन, गेटवर येताना त्याच्या रक्तात अजून ३६ असतात.