सागवान घेताना आधी गाभा पाहा, मग भाव बोला

‘सी.पी. टीक’ या नावाला लाकडाच्या बाजारात आजही मान आहे. हे नाव जुन्या मध्य प्रांताचे, आणि त्या प्रांताची राजधानी आपले नागपूर. आलापल्ली, सिरोंचा, बल्लारशा ही सागवानाची नामांकित ठिकाणे. २०२३ साली खुल्या झालेल्या नव्या संसद भवनालाही सागवान नागपूरहूनच गेले. पण नाव मोठे म्हणून प्रत्येक फळी चोख नसते. कारागीर बांधवांचे नुकसान बहुधा खरेदीच्या वेळीच होते, म्हणून आम्ही दोन गोष्टी येथे सांगत आहोत.

पहिली गोष्ट गाभ्याची. सागवानाचा सोनेरी-तपकिरी गाभा तेलकट असतो. त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढुरक्या भागात हा गुण नाही. कोवळ्या झाडात पांढरा भाग जास्त निघतो. सहा इंच रुंद फळीत एक इंच पांढरे असेल, तर सहाव्या हिश्शाचे पैसे वाया गेले असे समजा. पॉलिशखाली हा भाग लपतो, पण चार पावसाळ्यांनंतर गिऱ्हाईक दारात उभे राहते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. नागपूरचा मे महिना ४५ अंशांवर जातो, लगेच मागे पावसाळा येतो. ओल्या लाकडाची चौकट अशा हवेत आकसते, जोड उघडे पडतात. खात्री करण्यासाठी छोटा तुकडा रोज तोलून पाहा. वजन घटत असेल तर लाकूड अजून ओले आहे. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्यात, म्हणजे हवा खेळते.

काम करताना हेही ध्यानात ठेवावे. सागवानात वाळूसारखे कण असतात, म्हणून रंधा व पटाशी लवकर बोथट होते. तेलामुळे सरस नीट धरत नाही. रंधा मारल्यावर लगेच जोड चिकटवावा. बारीक नक्षीसाठी काश्मिरी अक्रोड उत्तम, पण त्याला वाळवी लागते. दार-चौकटीला सागवानच बरे.

मापही स्वतः काढावे. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन गुणाकाराला १४४ ने भागावे. ७ फूट लांब, ५ इंच रुंद, ३ इंच जाड लाकूड सुमारे ०.७३ घनफूट भरते. बिल व वाहतुकीचा पास मागून घ्यावा. गिऱ्हाइकाला पांढरे लाकूड आधीच दाखवून भाव ठरवणारा कारागीर कधी तोट्यात जात नाही.