हायड्रॉलिक गाठयंत्राची निवड व परीक्षा

सुका चारा दाबून त्याच्या गाठी बांधणारें हायड्रॉलिक यंत्र सोसायटीनें घ्यावें किंवा नाहीं, व घ्यावयाचें झाल्यास तें कोणत्या कसोटीवर घ्यावें, असें कित्येक सभासदांनीं आम्हांस विचारलें आहे. विक्रेत्याच्या पत्रकांत यंत्र किती टनांचें आहे हा आंकडा ठळक अक्षरांत असतो आणि घेणारा तेवढ्यावरच भुलतो. आमच्या मतें पत्रकांतील सर्वांत कमी उपयोगाचा आंकडा तोच होय.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा नियम फ्रान्समधील पास्कल यानें मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं छापला गेला. इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें. त्याची खरी अडचण बळाची नव्हती, गळतीची होती. दाब वाढेल तसतसें अधिक घट्ट बसणारें चामड्याचें कडें दट्ट्याभोंवतीं घातल्यावर ती सुटली. हल्लीं पाण्याऐवजीं तेल व चामड्याऐवजीं रबर आलें आहे; अडचण मात्र तीच आहे.

आतां हिशेब पाहूं. नळकांड्याचा आंतील व्यास २० सेंटिमीटर धरल्यास दट्ट्याचें क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होतें. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास २०० किलो असेल तर बळ ६२,८०० किलो, म्हणजे जवळजवळ ६३ टन निघतें. हें बळ हातपंपानेंही मिळेल. फक्त एक गाठ होण्यास बराच वेळ लागेल! बळ स्वस्त आहे, वेग महाग आहे. दट्ट्या एक मीटर सरकण्यास सुमारें ३१ लिटर तेल लागतें. तें एका मिनिटांत त्याच दाबानें पुरवावयाचें तर १४ अश्वशक्ति खर्ची पडते, आणि पंप व नळ्यांतील घट धरतां मोटर १८ अश्वशक्तीहून कमी चालत नाहीं.

परंतु चारा असा दाबावा लागतच नाहीं. आरंभीं तो भुसभुशीत असून सहज दबतो. खरा विरोध शेवटच्या टप्प्यांत होतो. म्हणून जाणता कारागीर दोन पंप बसवितो. समजा, पहिल्या ७० सेंटिमीटरांस ४० किलोंचा दाब पुरतो. तेथें दोन्ही पंप मिळून मिनिटास ६० लिटर तेल देतात व २२ सेकंदांत तें अंतर संपतें. पुढें मोठ्या पंपाचें तेल एका झडपेनें दाबावांचून टाकींत परत सोडावें, आणि मिनिटास १२ लिटर देणाऱ्या लहान पंपानें उरलेले ३० सेंटिमीटर २०० किलोंच्या दाबानें पुरे करावे. त्यास ४७ सेकंद लागतात. एकूण ७० सेकंदांच्या आंत काम होतें आणि दोन्ही टप्प्यांत साडेपांच अश्वशक्तीहून अधिक लागत नाहीं. साडेसातांची मोटर पुरते. दहा सेकंदांसाठीं कायमचें दुप्पट विजेचें बिल भरावें काय, हें सभासदांनींच ठरवावें.

जी शक्ति गाठींत जात नाहीं ती तेलांत उष्णतेच्या रूपानें राहते. सुरक्षा झडपेंतून तेल वारंवार सुटत असेल तर तेथें पैसा जळत आहे असें समजावें; ती झडप अपघातासाठीं आहे, नित्याच्या वाटेसाठीं नव्हे. टाकींतील तेल ६० अंशांच्या फार वर जाऊं देऊं नये. तें पातळ होतें व रबराचीं कडीं कडक पडतात. थंड देशांत येथवर पोंचण्यास पुष्कळ अवकाश असतो. विदर्भांत वैशाखांत हवाच ४५ अंशांवर असते. टाकी लहान असेल तर यंत्र दुपारीं बंद ठेवण्याची पाळी येते. पंप मिनिटास जितकें तेल देतो त्याच्या तिप्पट तेल मावेल एवढी टाकी असावी, असा ढोबळ नियम आहे.

पैसे देण्यापूर्वीं यंत्र भर उन्हाळ्यांतील दुपारीं, पुऱ्या भाराखालीं, सलग दोन तास चालवून पाहावें. दट्ट्याच्या फेरीस लागणारा वेळ तेल थंड असतां व तापल्यावर असा दोनदां घड्याळावर मोजावा. तापल्यावर वेळ बराच वाढला तर पंपाच्या आंत गळती आहे. नंतर पुऱ्या दाबावर दट्ट्या थांबवून पंप बंद करावा व दाबमापकाचा कांटा किती लवकर उतरतो तें पाहावें. तेलाची गाळणी सहज काढतां येते कीं नाहीं हेंही पाहावें. चाऱ्याच्या खोलींत धूळ व भूस उडणारच, आणि अशा यंत्रांतील पुष्कळ बिघाड तेलांतील घाणीमुळें होतात.

एक गोष्ट चालकास पहिल्याच दिवशीं सांगावी. नळीस सुईएवढें छिद्र पडलें तरी त्यांतून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते. गळती बोटानें कधींही शोधूं नये. पुठ्ठा धरून पाहावी, आणि नळी सोडविण्यापूर्वीं दाब उतरवावा. जखम टांचणी टोंचल्यासारखी दिसते, प्रथम दुखतही नाहीं, म्हणून माणूस घरीं जातो. त्यास त्याच घटकेस शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यांत न्यावें व हाताला दाबाखालचें तेल टोंचलें आहे असें डॉक्टरास स्पष्ट सांगावें. वेळ गेल्यास बोट किंवा हात कापण्याची पाळी येते.