९२ टक्क्यांवर लाइट गेली तर?

वळवाचे ढग दाटून आलेत. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर चार दिवस थोडी थोडी करून उतरवलेली उबुंटूची आयएसओ फाइल ९२ टक्क्यांवर आहे. आणि फट्! पंखा बंद, मॉनिटर काळा, शेजारच्या रूममधून कुणाची तरी 'अरे यार'ची आरोळी. तासाभराने लाइट आली की बहुतेक मंडळी काय करतात? वेबसाइट उघडतात आणि पुन्हा 'डाउनलोड'वर क्लिक मारतात. म्हणजे सहा जीबीच्या फाइलचे साडेपाच जीबी पाण्यात.

जरा थांबा. ते साडेपाच जीबी कुठेही गेलेले नाहीत. डाउनलोड्सचा फोल्डर उघडा. क्रोम किंवा एज वापरत असाल तर तिथे 'सीआरडाउनलोड' शेपटीची एक फाइल पडलेली असते, फायरफॉक्स असेल तर 'पार्ट' शेपटीची. (फायरफॉक्समध्ये खऱ्या नावाची, शून्य केबीची फाइलही दिसते. ती बघून छातीत धस्स व्हायचं कारण नाही, ती नुसती जागा धरून बसलेली असते.) पहिलं काम म्हणजे ब्राउझर उघडण्याआधी या अर्धवट फाइलची कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवणं. ब्राउझर सुरू झाला की कधी कधी तो स्वतःच साफसफाई करतो, आणि मग खरोखरच बोंब.

आता ब्राउझरच्या डाउनलोड यादीत 'रिझ्यूम' दिसतंय का बघा. दिसलं तर दाबा, अनेकदा एवढ्यावरच भागतं. एचटीटीपीमध्ये ही सोय १९९० च्या दशकापासून आहे. ब्राउझर सर्व्हरला सांगतो, 'एवढे बाइट्स माझ्याकडे आलेत, त्यापुढचं दे.' सर्व्हर तयार असेल तर २०६ नंबरचं उत्तर देऊन तिथून पुढे पाठवतो. नसेल तर २०० नंबर, आणि पुन्हा श्रीगणेशा.

'रिझ्यूम' नाहीच दिसलं, किंवा दाबल्यावर गाडी शून्यावर आली, तर मघाची कॉपी कामाला येते. तिची शेपटी काढून मूळ नाव द्या, म्हणजे लिंकच्या शेवटी जे नाव आहे अगदी तेच. विंडोज १० मध्ये २०१८ पासून कर्ल नावाचं छोटं टूल आयतंच येतं. त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा (पॉवरशेल नको, जुन्या पॉवरशेलमध्ये कर्ल या नावाखाली भलतीच कमांड चालते). कर्ल लिहा, मग डॅश कॅपिटल एल, मग डॅश कॅपिटल सी, स्पेस देऊन एक एकटा डॅश, मग डॅश कॅपिटल ओ आणि शेवटी लिंक. तो एकटा डॅश विसरू नका. 'फाइल किती आलीय ते तूच बघ आणि तिथून पुढे घे' असा त्याचा अर्थ. लिनक्सवाल्यांचं काम आणखी सोपं: डब्ल्यूगेट, डॅश स्मॉल सी, लिंक.

इथवरच्या गोष्टी कुठलाही टेकसॅव्ही मित्र सांगेल. खरी गोम पुढे आहे.

नेट तुटणं वेगळं आणि लाइट जाणं वेगळं. ब्राउझर 'हे डिस्कवर लिही' म्हणतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम 'लिहिलं' असं सांगून मोकळी होते, पण डेटा काही वेळ रॅममध्येच असतो. लिनक्समध्ये तो साधारण ३० सेकंद तसाच पडून राहू शकतो. म्हणजे वहीत नोंद झालीय, माल गोदामात पोचलेलाच नाही. नेमकी त्या क्षणी लाइट गेली तर फाइलची साइज साडेपाच जीबी दिसेल, पण शेवटच्या काही एमबींत नुसती शून्यं भरलेली असू शकतात. कर्ल बिचारं फक्त साइज बघतं आणि तिथून पुढे जोडत जातं. डाउनलोड १०० टक्के, तुम्ही खूश, आणि इन्स्टॉलेशन अर्ध्यात कोलमडतं. दोष मग पेन ड्राइव्हला दिला जातो.

म्हणून जोडण्याआधी शेपूट कापलेलं बरं. लिनक्सवर ट्रंकेट कमांडने शेवटचे १०० एमबी सरळ उडवा. पाच जीबी वाचवायला १०० एमबी गेले तर गेले. आणि फाइल पूर्ण झाली की शा-२५६ तपासाच. उबुंटूच्या साइटवर प्रत्येक आयएसओसाठी ६४ अक्षर-अंकांची ओळ दिलेली असते. विंडोजवर सर्टयुटिल आणि लिनक्सवर शा२५६सम तुमच्या फाइलची तशीच ओळ काढून देतात. दोन्ही जुळल्या तर निवांत व्हा.

नाही जुळल्या तर? तरीही डिलीट करू नका. इथे टॉरेंट कामी येतो. टॉरेंट म्हटलं की पायरेटेड सिनेमेच आठवतात, पण उबुंटू आपल्या आयएसओचे टॉरेंट अधिकृतपणे देतं. टॉरेंटमध्ये फाइलचे छोटे छोटे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा हॅश. क्यूबिटटॉरेंटमध्ये त्याच आयएसओचा टॉरेंट टाका, सेव्ह करायची जागा म्हणून तुमची बिघडलेली फाइल असलेला फोल्डर दाखवा आणि 'फोर्स रीचेक' म्हणा. तो सगळे तुकडे तपासतो, चांगले ठेवतो आणि फक्त खराब तेवढे नव्याने आणतो. अनेक कॉलेजांच्या वायफायवर टॉरेंट बंद असतात, तेव्हा हे काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करावं लागेल. पण तिथे जाणार किती, तर थोडे एमबी.

टॉरेंट नसलेल्या फाइल्सचं दुखणं वेगळं. ड्राइव्हवरचा डेटासेट किंवा लॉगिन करून मिळणारं सॉफ्टवेअर असेल तर लिंक काही तासांत एक्स्पायर होते आणि रिझ्यूम केल्यावर ४०३ तोंडावर आदळतो. फाइल तीच असते, पत्ता तेवढा बदललेला असतो. पुन्हा लॉगिन करून नवी लिंक घ्या आणि ती जुन्या अर्धवट फाइलला जोडा. अशा मोठ्या फाइल्ससाठी मुळात ब्राउझर वापरूच नये असं माझं मत. एरिया२ सारखा डाउनलोडर किती तुकडे आले याची नोंद वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवतो आणि दर मिनिटाला ती ताजी करतो.

आणि लॅपटॉपवाल्यांनो, तुमची बॅटरी चालू असली तरी राउटर लाइटबरोबर जातोच. तेव्हा फक्त नेट तुटलेलं असतं, शेपूट शाबूत असते. त्यामुळे बिनधास्त 'रिझ्यूम' दाबा.