सूत्र आधी, मजकूर नंतर
छापील पानाची घडण : लेखांक ९

मजकुराचा फॉन्ट कसा निवडावा, ते मागच्या लेखांकात पाहिले. पुस्तक गणिताचे किंवा भौतिकशास्त्राचे असेल, तर मात्र तेवढ्यावर भागत नाही. तिथे एकाच ओळीत वाक्याचा फॉन्ट आणि सूत्राचा फॉन्ट शेजारी बसतात. त्यांचे जमले नाही तर काय बिघडले हे वाचकाला कदाचित सांगता येणार नाही, पण पान डोळ्यांना खटकत राहते.

सूत्रासाठी वेगळा फॉन्ट हवाच कशाला? मजकुराचाच इटॅलिक वापरला तर? अडचण अशी, की शब्दातले अक्षर नीट ओळखू आले नाही तरी आजूबाजूची अक्षरे मदतीला येतात. सूत्रातले अक्षर एकटेच असते. आइन्स्टाइनचे प्रकाशविद्युत परिणामाचे समीकरण घ्या. त्यात प्रकाशाची वारंवारता ग्रीक 'न्यू'ने दाखवतात आणि इलेक्ट्रॉनचा वेग रोमन 'व्ही'ने. टाइम्सच्या इटॅलिकमध्ये ही दोन अक्षरे जुळ्या भावांसारखी दिसतात. इटॅलिक 'एफ'चा शेंडाही पुढच्या कंसावर आदळतो. घातांक आणि पादांक यांचे तर आणखीच. मोठे अक्षर नुसते लहान केले की त्याच्या रेषा केसासारख्या बारीक होतात. म्हणून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी 'टेक्' या आपल्या अक्षरजुळणी प्रणालीसाठी घडवलेल्या कॉम्प्युटर मॉडर्नमध्ये दहा, सात आणि पाच पॉइंटांची अक्षरे वेगवेगळी आखलेली आहेत. लहान आकारातली अक्षरे तुलनेने रुंद आणि दणकट.

टेक् किंवा त्यावर आधारलेल्या लेटेकमध्ये काहीच बदलले नाही, तर मजकूर आणि सूत्रे दोन्ही कॉम्प्युटर मॉडर्नमध्येच येतात आणि जोडी आपोआप जमते. लेखक मजकुराला टाइम्स लावतो आणि सूत्रे तशीच सोडतो, तिथे घोळ सुरू होतो. कॉम्प्युटर मॉडर्नच्या रेषा नाजूक, टाइम्सच्या भरीव. वाक्यातला 5 ठळक दिसतो, तर त्याच ओळीतल्या सूत्रातला 5 फिकट.

या प्रश्नाशी खुद्द क्नूथ कसे झुंजले, ते पाहण्यासारखे आहे. 1980च्या सुमारास अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने पॅलाटिनोचे कर्ते हर्मन झाफ यांच्याकडून 'ऑयलर' हा गणिती फॉन्ट करून घेतला. सुंदर हस्ताक्षराचा गणिती फळ्यावर लिहील तशी ही अक्षरे. ती तिरपी नाहीत, सरळ उभी आहेत. शून्याला वर किंचित टोकही आहे. क्नूथ यांना ग्रॅहम आणि पॅटाश्निक यांच्यासह लिहिलेल्या 'काँक्रीट मॅथेमॅटिक्स'मध्ये (1989) ऑयलर वापरायचा होता. पण त्याच्या काळसर, भरदार वळणापुढे कॉम्प्युटर मॉडर्नचा मजकूर फिका पडत होता. त्यांनी मजकुराचा फॉन्टच बदलला. ऑयलरला पेलेल असा, जाड रेषांचा 'काँक्रीट रोमन' मजकुरासाठी नव्याने घडवला. अंकांतही भेद पाळला: वाक्यातले साल काँक्रीटमध्ये, गणितातली संख्या ऑयलरमध्ये.

क्नूथ यांच्यासारखा फॉन्ट घडवणे आपल्याला जमायचे नाही, पण त्यांचा क्रम उचलता येतो. गणिती फॉन्ट मोजके आहेत, मजकुराचे असंख्य. म्हणून आधी सूत्राचा ठरवावा. टाइम्स वळणासाठी स्टिक्स टू मॅथ किंवा टेक् जायर टर्मेस मॅथ आहे, पॅलाटिनो वळणासाठी टेक् जायर पागेला मॅथ. वर्डमध्ये 2007पासून कँब्रिया आणि कँब्रिया मॅथ ही तयार जोडी मिळते. लहान अक्षरांची उंची थोडी कमी-जास्त असेल, तर लेटेकच्या फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये ती जुळवून देणारा पर्याय आहे. जाडीतला फरक मात्र लहान-मोठे करून मिटत नाही. तिथे फॉन्टच बदलावा लागतो.

मराठी मजकुरात रोमन सूत्रे बसवताना एक पेच वाढतो. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, रोमन अक्षर तळरेषेवर उभे राहते. त्यामुळे दोघांचा पॉइंट आकार सारखा ठेवला म्हणून ते सारखे दिसतीलच असे नाही. आधी उभ्या रेषांची जाडी जुळवावी, मग आकार. जोडी शोधताना टिरो देवनागरी मराठी आणि स्टिक्स टू शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही. दोन्ही कॅनडाच्या टिरो टाइपवर्क्सचे काम आहे.

निवड पक्की करण्यापूर्वी एक पान छापून पाहा. त्यात एक वाक्य असे ठेवा, ज्यात मजकुरातला अंक, सूत्रातला अंक, 'न्यू', 'व्ही' आणि एखादा पादांक असेल. पडद्यावर मोठे करून पाहू नका. कागदावर, हातभर अंतरावरून वाचा. सूत्रे आजूबाजूच्या मजकुरापेक्षा फिकट किंवा गडद दिसली, तर जोडी जमलेली नाही. पुढच्या लेखांकात सूत्राभोवतीच्या मोकळ्या जागेकडे वळू.