कोंबड्यांच्या आजाराने वाघ का मरतो?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला : एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. राज्यात कोंबड्यांमध्ये तो याआधीही आला होता : २००६ मध्ये नवापूर, २०२१ मध्ये परभणीचं मुरुंबा. दोन्ही वेळा चर्चा झाली ती चिकनच्या भावाची. वाघांच्या मृत्यूनंतर तरी प्रश्न पडायला हवा, की हा विषाणू सस्तन प्राण्याच्या शरीरात नेमकं करतो काय?

पेशीत शिरण्यासाठी फ्लूच्या विषाणूला तिच्यावरच्या साखरेच्या रेणूला चिकटावं लागतं. पक्ष्यांत त्या रेणूची जोडणी एका तऱ्हेची, माणसाच्या नाका-घशात बहुतांशी दुसऱ्या तऱ्हेची. म्हणून बर्ड फ्लू माणसाला सहजासहजी होत नाही, एकाकडून दुसऱ्याला तर क्वचितच. पण पक्ष्यांसारखी जोडणी आपल्या फुफ्फुसांच्या तळाशी, वायुकोशांत सापडते. विषाणू तिथवर उतरला, की थेट न्यूमोनिया.

दुसरं कारण अधिक घातक. पेशीत संसर्ग करण्याआधी विषाणूवरचं एक प्रथिन कापलं जावं लागतं. साध्या फ्लूसाठी ते काम करणारी विकरं मुख्यतः श्वासमार्गात असतात. एच५एन१ च्या जहाल वाणांत कापण्याच्या जागी जादा अमिनो आम्लं असतात, आणि जवळपास सगळ्याच अवयवांत असलेलं फ्युरीन हे विकर ती जागा कापू शकतं. म्हणूनच विषाणू शरीरभर पसरतो : कोंबडीचा तुरा निळा पडतो, मान वाकडी होते, एका रात्रीत शेड ओस पडते. माणसात भर पडते ती प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाची : तिच्याच माऱ्याने फुफ्फुसांत पाणी भरतं.

२००३ पासून जगात नोंदलेल्या साडेनऊशेहून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे गेले. सौम्य रुग्ण नोंदीतून सुटत असणार, तरी आकडा धडकी भरवणारा आहे.

नीट शिजवलेल्या चिकनमध्ये हा विषाणू जगत नाही. खरा धोका आहे तोंडाला नुसता दुपट्टा बांधून शेडमधलं तूस खरवडणाऱ्या, मेलेल्या कोंबड्या उघड्या हातांनी पोत्यात भरणाऱ्या मजुराला. विष्ठेची धूळ त्याच्याच छातीत जाते. हातमोजे आणि चांगला मास्क देणं ही मालकाची जबाबदारीच आहे. आणि ताप आला तर ‘शेडमध्ये कोंबड्या मेल्या होत्या’ हे डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायला हवं. ओसेल्टामिवीर हे फ्लूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर सर्वाधिक उपयोगी पडतं.