पाटी कंपनीची, जबाबदारी मालकाची

एकेकाळी उपाहारगृहाचा मालक स्वतः गल्ल्यावर बसत असे. आचारी, वाढपी आणि कपबशा विसळणारा पोऱ्या या साऱ्यांना पगार कोणाकडे मागावयाचा हे ठाऊक असे. तो वेळेवर मिळे किंवा न मिळे, ही गोष्ट निराळी. आता तालुक्याच्या बसस्थानकासमोर आणि महामार्गाच्या कडेलाही प्रसिद्ध कंपन्यांच्या पाट्या असलेली उपाहारगृहे दिसू लागली आहेत. नाव, गणवेश आणि पदार्थांची कृती कंपनीची; जागा, भांडवल आणि माणसे स्थानिक व्यावसायिकाची. यालाच व्यवहारात फ्रँचायझी म्हणतात. तेथे काम करणाऱ्या तरुणास मात्र आपण कंपनीचेच नोकर आहोत असे वाटत असते. पगार थकला म्हणजे तो कंपनीकडे धाव घेतो आणि कंपनी त्यास दुकानमालकाकडे बोट दाखविते.

हा प्रश्न कायद्याने बराचसा सोडविलेला आहे. जो कामावर ठेवतो आणि ज्याच्या देखरेखीखाली काम चालते, तो नियोक्ता. फ्रँचायझीत तो सामान्यतः दुकानमालकच असतो. वेतन संहिता, 2019 हिच्या मुख्य तरतुदी 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आल्या आहेत. माणसे ठेकेदारामार्फत घेतली आणि त्याने वेतन बुडविले, तर ज्याच्या मालकीची ती आस्थापना, त्याने ते चुकते केले पाहिजे, असे ही संहिता सांगते. ‘ठेकेदाराला विचारा’ हे उत्तर त्यामुळे पुरे पडत नाही.

मासिक वेतन पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळावयास हवे. कामगारास काढले, त्याने राजीनामा दिला किंवा दुकानच बंद पडले, तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत झाला पाहिजे. कंपनीने करार संपविला की पाटी एका रात्रीत उतरते आणि माणसे रस्त्यावर येतात. अशा वेळी ही तरतूद मोलाची ठरते. जादा कामाचा मोबदला किमान दुप्पट दराने द्यावयाचा असतो. ‘जेवण-चहा आमच्याकडेच’ असे म्हणून मालकास स्वतःच्या मर्जीने किमान वेतनाहून कमी पैसे हातावर ठेवता येत नाहीत.

कपातीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तक्रारींचे मूळ बहुधा तेथेच असते. बशी फुटली, गल्ल्यात तूट आली, गिऱ्हाईक पैसे न देता गेले, की भुर्दंड पोरावर पडतो. नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे. त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय रक्कम कापता येत नाही, आणि झालेल्या नुकसानीहून अधिक तर मुळीच नाही. उचल धरून साऱ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत. मालकाने वेतनचिठ्ठी द्यावयाची असते. थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. ही शेवटची गोष्ट फारच थोड्या कामगारांना माहीत असते. त्यांना सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी यांच्या कार्यालयाची वाट दाखविणे, हे काम पंचायत सदस्य सहज करू शकतील.

भटारखान्यात उकळते तेल आणि गॅसची शेगडी यांच्याशी रोजची गाठ. कर्मचारी राज्य विमा योजना लागू असलेल्या भागात दहा किंवा अधिक माणसे असतील, तर 21,000 रुपयांपर्यंत मासिक वेतन घेणाऱ्यांचा विमा उतरवावा लागतो. मालकाचा वाटा वेतनाच्या सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही बंधनकारक आहे. स्त्रिया काम करीत असतील, तर 2013 च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी.

राहिला लहान मुलांचा प्रश्न. उपाहारगृहे, ढाबे व चहाची दुकाने यांत 14 वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीने ती सर्वच व्यवसायांना लागू झाली. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘मुलगा पंधराचा आहे’ असे मालक सांगतो, तेव्हा शाळेचा दाखला आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंद उपयोगी पडते. पटावरील मूल दीर्घकाळ गैरहजर असेल आणि ते रस्त्यावरील ढाब्यावर दिसले, तर मुख्याध्यापकांनी कामगार कार्यालयास कळवावे, अथवा 1098 या क्रमांकावर दूरध्वनी करावा.