सर्पदंश : मंत्र की प्रतिविष?

पावसाळ्यात पाचोऱ्याकडच्या कपाशीच्या रानात साप निघतातच. दंश झाला की कित्येक जण आधी भगताकडे धावतात, आणि पुष्कळदा रोगी बरा होतो हेही खरे. पण का? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही कधी कधी विष न सोडताच चावतो. तेव्हा तो गुण मंत्राचा नव्हे.

मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पहिल्या दोघांच्या विषाने पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. पुढच्या दोघांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. मण्यार तर जमिनीवर निजलेल्याला रात्री चावते. जखम दिसतही नाही आणि पहाटे पोट दुखू लागते.

यावर खरे औषध प्रतिविष. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून ते तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव यासाठी सर्वांना ठाऊक आहे. ते चारही विषांवर चालते, म्हणून साप मारून आणायचे कारण नाही. मात्र ते फक्त फिरत्या विषाला बांधते, झालेली हानी भरून काढत नाही. म्हणून वेळ मोलाचा.

चावलेला हातपाय हलवू नका, आवळून बांधू नका, चिरू नका. १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. रात्री बॅटरी, शेतात बूट, निजायला खाट आणि मच्छरदाणी एवढे सांभाळा. गुरुजींनी हे वर्गात सांगावे. मुले ते घरोघर पोचवतील.